ती शिबं नव्हती

माझ्या दादाच्या अंगावर लहानपणापासून डाग होते. घरात आम्ही त्यांना शिबं म्हणायचो आणि शेजारीपाजारी सेहुआ म्हणायचे. दोन्ही नावं इतकी घरगुती होती की त्यात काळजी करण्यासारखं काही असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. मानेवर, छातीवर, पाठीवर फिकट, जरासे खवले धरलेले चट्टे होते. हातांच्या मागच्या बाजूला आणि कपाळावर मात्र चपट्या, गुळगुळीत चामखिळी होत्या. आई कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं त्याला न्हाऊ घालायची. बाबा सदर बाजारातल्या औषधाच्या दुकानातून गंधकाचा साबण आणायचे. मलमं बदलत गेली आणि डाग तसेच राहिले. उन्हाळ्यात घाम आला की ते उठून दिसत, हिवाळ्यात स्वेटरखाली जात. शाळेतली मुलं त्याला चिडवत असत, पण दादा हॉकी इतकी चांगली खेळायचा की चिडवणं फार दिवस टिकलं नाही.

आमचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर झाशीत आलं आणि इथलंच होऊन गेलं. घरात मराठी, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. मराठी घरं थोडी, त्यामुळे सोयरीक फिरून फिरून त्याच चार घरांत व्हायची. आमची आई ही बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. हे कळलं की शेजारच्या बायका तोंडावर हात ठेवत. "हाय राम, भाई-बहन में ब्याह?" आई हसून त्यांना समजावत बसायची की आमच्यात चालतं, चांगलं मानतात. त्या मान डोलवायच्या, पण पटायचं नाही.

दादा पुढे विद्यापीठाच्या संघात खेळला, गुडघा दुखावल्यावर खेळणं सुटलं आणि तो एका शाळेत मुलींना हॉकी शिकवू लागला. वर्षानुवर्षं तो झाशीच्या उन्हात उभा राहिला. टोपी नाही, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. टोपी घाल म्हटलं तर म्हणायचा, "टोपीनं सावली पडते, मुलींचे पाय नीट दिसत नाहीत मला." मे महिन्यात जिथे कुत्रीसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाहीत, तिथे हा मैदानाच्या मधोमध शिट्टी घेऊन उभा असायचा.

मी त्याची धाकटी बहीण. मुलींच्या कॉलेजात विज्ञान शिकवते. माझा स्वभाव मुळात अस्वस्थ. गॅस बंद केला की नाही ते बघायला मी जिन्यावरून परत येते. नवऱ्याला रेल्वेच्या वर्कशॉपमधून यायला थोडा उशीर झाला की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. घरचे हसतात, आणि मीही हसते. पण ज्या गोष्टीची खरोखर काळजी करायला हवी होती ती माझ्या डोळ्यांसमोर वाढत होती, आणि तिच्याबद्दल मला काही वाटलं नव्हतं.

ते कळलं भाऊबीजेला.

दादा पाटावर बसला होता. वहिनी शेजारी तबक धरून उभ्या होत्या. मी कुंकू लावायला बोट टेकवलं तर त्याच्या कपाळावर, केसांच्या कडेला, काहीतरी खरखरीत लागलं. मी हात मागे घ्यायच्या आत ते निघून आलं. खपली होती. तिच्याखालून रक्त आलं आणि कुंकवात मिसळून भुवईपर्यंत ओघळलं. वहिनी तबक खाली ठेवून कापूस आणायला धावल्या.

"काही नाही गं," दादा म्हणाला. "स्टिक लागली होती."

"कधी?"

"लागली होती मागे."

"मागे म्हणजे कधी, दादा?"

वहिनी कापूस घेऊन आल्या आणि त्यांनी सांगितलं. "होळीपासून आहे, वन्सं. रंगानं झालंय म्हणाले. सुकतं, मग टॉवेल लागला की परत रक्त येतं. मी सांगून थकले."

होळीला झालेली जखम दिवाळीपर्यंत भरली नव्हती. मी औक्षण कसंबसं उरकलं. त्यानं ओवाळणी घातली, लाडू खाल्ला, टीव्हीवर सामना लावला. मी मात्र जेवताना, भांडी आवरताना, निघताना त्या कापसाच्या बोळ्याकडेच बघत होते.

दिवाळीची सुट्टी संपायच्या आत मी त्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. छावणीच्या बाजूला नव्यानं दवाखाना काढलेल्या एक तरुण बाई होत्या. वहिनीही आल्या. मला वाटलं होतं, बाई जखम बघतील, मलम देतील. त्यांनी भिंग लावून कपाळ बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि मग म्हणाल्या, "हाथ दिखाइए."

दादानं हात पुढे केले. त्यांनी ते उलटे करून मागची बाजू बघितली.

"शर्ट उतारिए."

त्याची छाती आणि पाठ बघून त्या खुर्चीत मागे टेकल्या. "ये दाग कब से हैं?"

"बचपन से," दादा म्हणाला. "सेहुआ है."

"किसने कहा?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. कुणी म्हटलं होतं ते आठवेना. सगळ्यांनीच म्हटलं होतं.

त्यानंतरचा प्रश्न मला अजून त्यांच्या आवाजात ऐकू येतो. "आपके माता-पिता आपस में रिश्तेदार थे क्या?"

दादा माझ्याकडे वळून बघू लागला. जखमेचा आणि आईबाबांच्या लग्नाचा काय संबंध? मी सांगितलं, आई बाबांची मामेबहीण. बाईंनी आश्चर्य दाखवलं नाही, फक्त मान हलवली, आणि म्हणाल्या की कपाळावरचा आणि हातावरचा असे दोन छोटे तुकडे काढून तपासायला पाठवू. त्यांच्या मनात एक शंका होती, पण तपासल्याशिवाय नाव घेणार नाही, असंही त्या म्हणाल्या.

ते तपासणीचे दिवस मी कसे काढले ते माझ्या वर्गातल्या मुलींना विचारावं. मी फळ्यावर समीकरण अर्धं लिहून थांबायचे. आई आणि बाबा दोघंही केव्हाच गेलेले. त्यांचं लग्न या गोष्टीत का आलं, हे मला कळत नव्हतं, आणि कुणाला विचारायचं तेही.

तपासणीचा निकाल सांगताना बाईंनी दादालाच समोर बसवलं आणि सरळ सांगितलं. कपाळावर त्वचेचा कॅन्सर आहे. वरवर आहे, खोल गेलेला दिसत नाही, काढता येईल. पण त्याच्या मुळाशी जे आहे ते त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, शिकत असताना एकदाच पाहिलं होतं. अंगावरचे डाग ही बुरशी नव्हे, शिबं नव्हेतच. चामखिळीच्या विषाणूचे काही दुर्मीळ प्रकार असतात, ते या त्वचेत लहानपणापासून घर करून बसलेत. पुढे त्या डागांतूनच, विशेषतः जिथे ऊन लागतं तिथे, कॅन्सर उगवतो. विषाणूचं नाव त्यांनी घेतलं: ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस.

मी दादाकडे बघत होते. तो कॅन्सर या शब्दाशीच अडकला होता, पुढचं त्याला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. वहिनी त्याच्या मागे उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला ते मला दिसलं, आणि मीही समजले की कॅन्सरमुळेच.

परतीच्या ऑटोत वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या एरवी शांत नाहीत. सागरच्या मराठी घरातल्या, गप्पिष्ट, ऑटोवाल्याशीसुद्धा भाड्यापासून बुंदेली लोकगीतापर्यंत बोलतील अशा. त्यानंतर मी रोज त्यांच्याकडे जात होते, आणि रोज काहीतरी बदललेलं दिसायचं. वहिनींनी आपली गादी लेकीच्या खोलीत हलवली होती. लेक पुण्याला शिकते, तिची खोली रिकामीच असते. दादाचे टॉवेल वेगळे धुतले जात होते. जेवायला वाढून त्या स्वयंपाकघरात निघून जायच्या. लागण व्हायची भीती वाटत असेल, असं मी धरून चालले.

आणि मग एका दुपारी त्या माझ्या घरी आल्या. चहा नको म्हणाल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"वन्सं, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा ना, वहिनी."

"ह्यांना हे बाहेरून लागलंय का?"

"बाहेरून म्हणजे?"

त्यांना ते बोलायला फार वेळ लागला. त्यांच्या लेकीला, माझ्या भाचीला, इथे कॉलेजात असताना मुलींची लस दिली होती, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची. लसीच्या आधी आयांना बोलावून एका डॉक्टरीणबाईंनी भाषण दिलं होतं. त्यात हेच नाव होतं. अगदी हेच. ते कसं पसरतं तेही त्यांनी सांगितलं होतं, स्त्री-पुरुष संबंधांतून.

"मी तिथे मान खाली घालून बसले होते," वहिनी म्हणाल्या. "पण नाव लक्षात राहिलं. आता हे संघ घेऊन किती फिरले. भोपाळ, लखनऊ, चंदीगड. पंधरा-पंधरा दिवस. मी कधी विचारलं नाही. विचारायचं काही कारणच नव्हतं. तुम्ही विज्ञान शिकवता. तुम्ही सांगा."

मला सांगता येईना. मी प्रकाशाचं वक्रीभवन शिकवते, विषाणूबद्दल मला पाठ्यपुस्तकापलीकडे काही माहीत नव्हतं. "नाही हो, असं काही नसेल," असं म्हणून मी त्यांना घरी पाठवू शकले असते. पण त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या त्या नजरेला ते पुरलं नसतं. आणि खरं म्हणजे मलाही पुरलं नसतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "ज्यांना माहीत आहे त्यांनाच विचारू."

"हे असं डॉक्टरांना विचारायचं? त्यांच्यासमोर?"

"तुम्ही नका विचारू. मी विचारते."

त्या गेल्यावर मी घरभर फिरत राहिले. माझ्या भावाला मी जन्मापासून ओळखते. तरी डोकं थांबेना. चंदीगडहून तो एकदा दोन दिवस उशिरा आला होता, ते आठवलं. मग स्वतःचाच राग आला की हे का आठवावं. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेले तर त्यानं पेपरावरून डोळे वर करून विचारलं, "काय गं, ठाण्यातल्या दरोग्यासारखी काय बघतेस?"

"कपाळ बघतेय," मी म्हटलं.

तोवर बाहेरही बातमी फुटली होती. कॅन्सर म्हटलं असतं तर लोक हळहळले असते, डबे घेऊन आले असते. पण कुणीतरी "वायरस" म्हटलं. करोनाची वर्षं सगळ्यांच्या अंगात मुरलेली होती. एका मुलीचे वडील दादाला मैदानाच्या फाटकाशी भेटले. "सर, बुरा मत मानिएगा. कुछ दिन आप आराम कर लीजिए. बच्चियाँ हैं." दादानं बुरा मानलं नाही, असं तो म्हणाला. पण त्या दिवशी तो सायकल हातात धरून चालत घरी आला, आणि संध्याकाळभर शिट्टीची दोरी सोडवत आणि बांधत बसला.

डॉक्टरांकडे आम्ही तिघंही गेलो. दादाला वाटलं शस्त्रक्रिया कुठे करायची ते ठरवायचंय. ते ठरलंही. लखनऊच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बाईंच्या ओळखीचे सर्जन होते. बोलणं संपत आलं. वहिनी माझ्याकडे बघेनात. मी ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून विचारलं.

"मॅडम, एक बात पूछनी है. ये वही वायरस है जिसकी लड़कियों को वैक्सीन लगती है? जो संबंध से फैलता है?"

दादानं आधी माझ्याकडे बघितलं, मग सावकाश मान वळवून वहिनींकडे. वहिनी जमिनीकडे बघत होत्या. त्याला सगळं तिथल्या तिथे समजलं.

बाईंनाही समजलं असावं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि खुर्ची वहिनींच्या बाजूला वळवली. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी वहिनींना दिलं.

"आडनाव एक म्हणून माणूस एक होत नाही ना?" हे त्यांनी हिंदीत विचारलं, मी माझ्या शब्दांत सांगते. या विषाणूचं कूळ खूप मोठं आहे आणि त्यातल्या प्रत्येकाला नाव नाही, नंबर आहे. लस ज्यांच्यासाठी मुख्यतः असते ते सोळा आणि अठरा. ते संबंधांतून जातात. दादाच्या कपाळातला तुकडा दिल्लीला पाठवून तपासला होता, त्यात निघाला तो पाच नंबर. पाच, आठ आणि त्यांचे भाऊबंद हे कातडीवरचे रहिवासी आहेत. लहान मूल आईच्या मांडीवर असतं तेव्हाच ते त्याच्या अंगावर येतात.

"आपकी चमड़ी पर भी होंगे," बाई म्हणाल्या. "मेरी पर भी. हमारा शरीर इन्हें दबाकर रखता है, पता ही नहीं चलता. इनका शरीर इन्हीं को नहीं दबा पाता."

का नाही दाबू शकत, तेही त्यांनी सांगितलं. कातडीत या विषाणूंना कुलूप घालणारा एक गुण असतो. तो आईकडूनही येतो आणि बापाकडूनही. एका बाजूनं बिघडलेला आला तरी दुसरा काम भागवतो. दादाला दोन्हीकडून बिघडलेला आला. नात्यात लग्न झालं की असं व्हायची शक्यता वाढते, कारण तोच बिघाड दोन्ही बाजूंना असू शकतो. म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी आईबाबांबद्दल विचारलं होतं.

वहिनींनी अजून मान वर केली नव्हती. बाई जरा पुढे झुकल्या. "शादी के समय इनके हाथों पर ये दाग थे?"

"थे," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज जेमतेम आला. "मुंडावळ्या बाँधते समय माथे पर भी दिखे थे."

"और सात-आठ साल की उम्र में?"

"थे," मी म्हटलं. "जब से मुझे याद है, तब से हैं."

"तो सात-आठ साल का बच्चा ये कहाँ से लाया होगा?"

वहिनींनी तोंडावर पदर धरला. दादा उठला, बाईंना नमस्कार केला आणि बाहेर गेला.

बाहेरच्या व्हरांड्यात तो भिंतीला पाठ लावून उभा होता. वहिनी त्याच्यासमोर जाऊन थांबल्या. मी पुढे निघून जायला हवं होतं, पण अरुंद व्हरांड्यात ती दोघं वाट अडवूनच उभी होती.

"मला विचारायचंस," दादा म्हणाला.

"कसं विचारणार होते?"

"आत्ता जसं विचारलंस तसं."

"मी नाही विचारलं. वन्संनी विचारलं."

"तेच म्हणतोय मी."

एक कंपाउंडर ट्रे घेऊन आला, "भैया, ज़रा साइड," म्हणाला, आणि ती दोघं दोन बाजूंना झाली. मी मधून निघून खाली आले. ऑटोत बसून वाट बघताना मला वाटत होतं, मी हे बरं केलं की वाईट? विषाणूची भानगड मिटली होती. पण वहिनींनी शंका घेतली हे दादाला आता माहीत होतं, आणि ते माझ्या तोंडून, एका परक्या बाईसमोर. रात्री मी नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, न विचारता ती दोघं दोन खोल्यांत झोपत राहिली असती तर ते बरं झालं असतं का? त्याचं बरोबर होतं. तरी माझं मन उलटसुलट होत राहिलं.

लखनऊला आम्ही तिघं गेलो. कपाळावरचा भाग जखमेच्या कडेपासून बराच लांबून कापला. तिथे लावायला कातडी घेतली दंडाच्या आतल्या बाजूची, जी कधी उन्हात आलीच नाही. सर्जननं सांगितलं की कॅन्सर कडेपर्यंत पोचलेला नाही. आणि हेही बजावलं की यांना कधीही कुणी कॅन्सरसाठी किरणांचा शेक द्यायला सांगितला तर आधी हा आजार सांगा. या कातडीवर शेकानं उलट आणखी कॅन्सर उठू शकतात.

दादाच्या डोक्याला भलंमोठं बँडेज होतं. वहिनी त्याला चमच्यानं खिचडी भरवत, तो खायचा आणि डोळे मिटायचा. एकदा मी औषधं घेऊन वॉर्डात परतले तेव्हा तो पालथा पडला होता, सदरा मानेपर्यंत वर, आणि वहिनी मोबाइलचा दिवा लावून त्याची पाठ निरखत होत्या. सर्जननं सांगितलं होतं की दर आठवड्याला सगळं अंग बघायचं. नवा खरखरीत डाग, रक्त येणारा डाग, रंग बदललेला डाग. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही.

"इथे एक जरा जाड वाटतोय," वहिनी म्हणाल्या.

"जुनाच असेल."

"मला काय माहीत जुना की नवा? मी आजवर नीट बघितलेच कुठे?"

"मग आता बघ," दादा उशीत तोंड खुपसून म्हणाला. "तुझ्याशिवाय कोण बघणार आहे?"

मी औषधांची पिशवी खाटेवर ठेवली आणि पाणी आणायच्या निमित्तानं परत बाहेर गेले. झाशीला आल्यावर वहिनींची गादी आपल्या जागी परत गेली होती, हे मी दुसऱ्याच दिवशी जाऊन बघून आले. असं बघू नये, पण बघितलं.

मैदानाचं मात्र इतकं सरळ झालं नाही. बाईंनी स्वतः शाळेत येऊन पालकांना समजावलं की यात लागण होण्यासारखं काही नाही. दादा मागच्या रांगेत बसून ऐकत होता, बँडेजच्या जागी आता एक फिकट, चकचकीत चौकोन होता. बऱ्याच जणांना पटलं. दोन मुलींना घरच्यांनी परत पाठवलं नाही. त्यातली एक फार चांगली डाव्या बाजूनं खेळायची, दादा तिच्याबद्दल अजून विचारतो.

उन्हाची शिस्त त्याला सर्वांत जड गेली. मोठ्या कडेची टोपी, मनगटापर्यंत बाह्या, घराबाहेर पडण्याआधी तोंडाला आणि हातांना जाड क्रीम. शाळेनं सराव सूर्य उगवायच्या आधी आणि मावळायच्या बेतात ठेवला. पहिल्या दिवशी तो टोपी घालून मैदानावर गेला तेव्हा मुली हसू दाबत होत्या. गोलरक्षक मुलीला राहवेना. "सर, खेत में जा रहे हैं क्या?" दादा म्हणाला, "हाँ, तुम लोगों को ही बोने आया हूँ, उगती तो हो नहीं." मग सगळ्याच हसल्या. हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना टोपी काढून हातात फिरवत होता. त्याला ती आवडत नाही. मी समोर नसेन तेव्हा तो ती काढत असणार, अशी माझी खात्री आहे, म्हणून मी कधी कधी कॉलेजातून परस्पर मैदानावर चक्कर टाकते. बहुतेक वेळा टोपी डोक्यावर असते.

पुढच्या वर्षी कानाच्या पाळीवर एक नवा डाग वहिनींनाच दिसला. मसुराएवढा, खरखरीत. इथेच झाशीत, बाईंनी तो काढला. अगदी वरवरच होता. हाताच्या पाठीवरचे दोन गोठवून घालवले. बाई म्हणतात, हे असंच चालायचं, उगवेल ते काढत राहायचं. दादानं ते मान्य केलं आहे. तो रविवारी न्हाऊन आला की उघडाच खिडकीशी बसतो, वहिनी चष्मा लावून बघतात, आणि दोघं मोठमोठ्यानं वाद घालत असतात की हा मागच्या रविवारी होता की नव्हता.

माझं काय, हे मी बाईंना विचारलंच. एकाच आईबापांची आम्ही दोघं. माझ्या खांद्यावर एक पांढुरका चट्टा होता, तो मी आरशात बघून बघून जवळजवळ लाल केला होता. बाईंनी दिव्याखाली बघितला, खरवडून तपासला, आणि हसल्या. "दीदी, ये सचमुच का सेहुआ है." दोन आठवडे मलम लावलं आणि तो गेला. आजार मला नाही. तो बिघडलेला गुण एका बाजूनं माझ्यात असेलही, त्यानं मला काही होणार नाही. भाचीत तो असणारच, बापाकडून तिला दुसरं काही मिळणंच शक्य नव्हतं. तिलाही काही होणार नाही, फक्त लग्न नात्यात करू नये. ग्वाल्हेरहून एका नात्यातल्या मुलाचं विचारणं आलं तेव्हा वहिनींनी पहिल्याच फोनवर नकार कळवला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "आमचं पुरे झालं आता आपसांत." भाचीला हसू आलं. तिचं असं काही करायचं मनात नव्हतंच.

एवढं सगळं निभावलं, तरी माझी नजर काही जागेवर येत नाही. मी लोकांचे हात बघते. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, वर्गात पहिल्या बाकावर. गेल्या महिन्यात सदर बाजारात एक बाई बांगड्या घेत होती. तिच्याबरोबर सात-आठ वर्षांची मुलगी होती, बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये. तिच्या मानेवर आणि दंडांवर फिकट चट्टे होते. मी आधी पुढे गेले. मग परत आले. मग परत पुढे गेले, रस्ता ओलांडला, आणि पुन्हा आले.

"बहनजी, बिटिया को ये दाग कब से हैं?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सेहुआ है. आपको क्या?"

"एक बार चमड़ी के डॉक्टर को दिखा दीजिए. बस एक बार."

"आप डॉक्टर हैं?"

"नहीं."

"तो अपना काम देखिए," ती म्हणाली आणि मुलीला दुसऱ्या बाजूला ओढलं. बांगडीवाला माझ्याकडे बघून हसला.

बहुतेक ते साधं सेहुआच असेल. शंभरातल्या शंभरांना तेच असतं, असं बाई मला नेहमी सांगतात, आणि दादासारखा रुग्ण त्यांना पुन्हा बघायला मिळेल असं त्यांनाही वाटत नाही. हे सगळं मला माहीत आहे. घरी येऊन दादाला सांगितलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "तुला एक दिवस मार खावा लागणार आहे," तो म्हणाला.

मग हसणं थांबल्यावर त्यानं विचारलं, "हातांच्या मागे होते का तिच्या? चपटे?"

"दिसले नाहीत. आईच्या पदरात हात गुंडाळून उभी होती."

"कोणतं दुकान म्हणालीस?" त्यानं विचारलं, आणि टोपी शोधायला आत गेला.